वीस दिवसांची माफी

हिकरी फोर्क, नॉर्थ कॅरोलिना
६ ऑक्टोबर १९७४

ओलिटा,

पुस्तकाचं खोकं पोचलं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आर्व्हिल, विटा मागवल्यास की काय?" नुसता पहिला खंड आठशे पानांचा! मांडीवर घेतला की पायाला मुंग्या येतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिठाच्या डब्याला टेकवून वाचतो. लुला असती तर तिने पुस्तकासकट मला अंगणात काढलं असतं. तिला जाऊन सहा महिने झाले, पण तिच्या डब्याला हात लावताना अजून मागे वळून बघतो.

रोज न्याहारीनंतर दहा पानं, ओळीखाली पट्टी धरून. उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या गोष्टी आपण पाळण्यापासून ऐकल्या, पण त्या सगळ्या जोसायाआजोबांपाशी सुरू व्हायच्या आणि त्यांच्यापाशीच संपायच्या. हा लेखक दोन्हीकडच्या सेनापतींच्या दाढ्या, घोडे आणि पोटाच्या तक्रारी, सगळं सांगतो. परवा एका सैन्याला नदी ओलांडायला सात पानं लागली. मी मोठ्याने म्हटलं, अरे बाबा, पूल बांध आणि मोकळा हो. पण गडी सांगतो झकास. शायलोची लढाई वाचली त्या दिवशी गाईला चारा घालायचा राहून गेला.

हे पुस्तक का पाठवलंस ते न कळण्याइतका मी खुळा नाही. म्हातारा एकटा बसून भिंतीशी बोलायला लागू नये, हेच ना? असू दे. आजोबा चिकामॉगाच्या लढाईत पडले ती हकिकत दुसऱ्या खंडात येईल. दर मे महिन्यात थडग्यांवर फुलं घालायच्या दिवशी सगळ्या बर्लसन मंडळींना ती मीच सांगतो. येत्या मेमध्ये तारीखवार सांगेन.

पत्राच्या शेवटी तू त्याचं नाव लिहिलं होतंस. पुन्हा लिहू नकोस.

आर्व्हिल


इंडियानापोलिस
१९ ऑक्टोबर १९७४

प्रिय दादा,

लिहिणार. डॅरल, डॅरल, डॅरल! घे, तीनदा लिहिलं. तुझा एकुलता एक मुलगा आहे तो आणि माझा एकुलता एक भाचा. व्हिएतनामला जायच्या आधी छावणीतून पळाला आणि कॅनडात गेला, याला आता साडेपाच वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तू त्याला एक ओळ लिहिली नाहीस. लुला गेल्याची तारसुद्धा मी केली, आणि तीही उशिरा पोचली.

तुझ्याकडे वर्तमानपत्र येत नाही, म्हणून सांगते. अध्यक्षांनी गेल्या महिन्यात माफी जाहीर केली आहे. पळून गेलेल्या पोरांनी ३१ जानेवारीच्या आत हजर व्हायचं, सही करायची आणि वर्ष-दोन वर्षं एखाद्या इस्पितळात वगैरे नेमून दिलेलं काम करायचं. खटला नाही, तुरुंग नाही. आणि हजर कुठे व्हायचं, तर इथल्याच लष्करी छावणीत. माझ्या घरापासून बसने वीस मिनिटं!

मी डॅरलला कळवलं. त्याचं उत्तर आलं: "बाबांनी एक ओळ लिहू दे, मी येतो. नाहीतर कुणाकडे येऊ?"

एक ओळ, दादा. 'ये' एवढं एक अक्षर लिहिलंस तरी पुरे. आणि शौर्याच्या गोष्टी मला सांगू नकोस. पहिल्या महायुद्धात तू पोर होतास, दुसऱ्यात म्हातारा ठरलास. उभ्या जन्मात खांद्यावर कुदळीशिवाय काही घेतलं नाहीस, आणि ऐट मात्र मारतोस आजोबांच्या जिवावर.

तुझी ओलिटा


हिकरी फोर्क
२४ नोव्हेंबर १९७४

ओलिटा,

कुदळीचं खरं आहे, म्हणून लागलं. महिनाभर उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच.

मग तूही ऐक. तो छावणीत गेला त्या रविवारी मी चर्चमध्ये सगळ्यांदेखत उभा राहिलो आणि म्हणालो, आमच्या घरातला आणखी एक जण चाललाय, प्रार्थना करा. लोकांनी माझा हात हातात घेतला. तीन महिन्यांनी शेरीफ दारात आला. लुला शेंगा सोलत बसली होती. त्याने खाटेखाली वाकून बघितलं, ओलिटा, आणि धान्याच्या कोठीत काठी खुपसली. त्या दिवसापासून चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसतो. मला कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला खंड संपला. पळपुटे त्या काळीही होते. लेखक म्हणतो, हिवाळा आला की हजारोंनी घरी निघायचे. पण आपले आजोबा त्यांतले नव्हते. वीस वर्षांचा पोरगा, घरात दिवस गेलेली बायको, तरी मागे फिरला नाही.

एक ओळ मागू नकोस. माझ्याकडे ती नाही.

आर्व्हिल


सडबरी, कॅनडा
१२ जानेवारी १९७५

प्रिय ओलिटाआत्या,

इथे इतकी थंडी आहे की काल शिंकलो तर मिशीला बर्फ लागला. कोलीन म्हणते, तुझं सरकार तुला शोधत नाहीये, ते फक्त तू गोठायची वाट बघतंय. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिचा विनोद काही सुधारला नाही.

सुतारकाम बरं चाललंय. लोकांची स्वयंपाकघरं बनवतो. दर कपाटाच्या दाराला बिजागरी लावताना बाबा आठवतात. स्क्रू अर्धा फिरवून ते थांबायचे आणि म्हणायचे, "आता लाकडाला श्वास घेऊ दे." त्याचा अर्थ मला आजवर कळलेला नाही, पण मीही थांबतो.

तू म्हणतेस, बाप लिहो न लिहो, तू ये. आत्या, मी भित्रा म्हणून पळालो असं बाबांना वाटतं. भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण त्या छावणीत आम्हाला जे शिकवत होते ते मला करता आलं नसतं, आणि करून घरी आलो असतो तर बाबांच्या टेबलाशी बसवलं नसतं. हे समोर बसून सांगायचंय. मेमध्ये आईच्या थडग्यावर फुलं घालायची आहेत. फक्त मला दारातून हाकलणार नाहीत एवढं कळू दे. बाकी शिव्या खायला मी तयार आहे.

तुझा डॅरल


हिकरी फोर्क
२ फेब्रुवारी १९७५

ओलिटा,

एक विचित्र गोष्ट झालीये. चिकामॉगा आलं. दोन दिवसांची लढाई, साठेक पानं. मी पट्टी बाजूला ठेवून अधाशासारखी वाचली. आजोबांची रेजिमेंट कुठेच नाही. मागे कोणत्या तुकड्या कुठे होत्या त्याची यादी आहे, तीही बोट ठेवून दोनदा वाचली. नाही! मग नकाशे काढून बसलो. त्या सप्टेंबरात त्यांची रेजिमेंट व्हर्जिनियात होती, रॅपिडॅन नदीच्या काठी. चिकामॉगा जॉर्जियात. मध्ये शेकडो मैल. आणि रॅपिडॅनवर त्या आठवड्यात लढाईच नव्हती. सैन्य तळ ठोकून नुसतं बसलं होतं.

मग आजोबा मेले कुठे? थडग्याच्या दगडावर चिकामॉगा कोरलंय. ते मी स्वतः सांगून कोरून घेतलं, १९५१ साली.

राज्याच्या दप्तरखान्याला पत्र टाकलंय. तुला विचारतो, टेम्पीआजीचं शेवटचं सगळं तू केलंस. तिने नवऱ्याबद्दल तुला वेगळं काही सांगितलं होतं का? आठवून लिही. मला चैन नाही.

आर्व्हिल


इंडियानापोलिस
९ फेब्रुवारी १९७५

प्रिय दादा,

आजी शेवटी मलाच आपली बहीण समजायची, तिच्या बोलण्याला काय धरून बसतोस? मला तरी काही वेगळं आठवत नाही. लेखकाचीच चूक असेल. तीन हजार पानं लिहिणाऱ्याच्या हातून एक रेजिमेंट सांडणारच. एकशे बारा वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसासाठी तुला चैन नाही आणि जिवंत मुलासाठी मात्र आहे, याचं मला नवल वाटतं.

माफीची मुदत वाढवून एक मार्च केलीये. देव तुला सवड देतोय असं समज.

ओलिटा


हिकरी फोर्क
११ मार्च १९७५

ओलिटा,

दप्तरखान्याचं उत्तर आलं. त्यात काही दम नाही. कारकून लोकांना काय कळतंय. तो विषय सोड.

डॅरलचा पत्ता पाठव.

आर्व्हिल


इंडियानापोलिस
१६ मार्च १९७५

माझ्या लाडक्या दादा,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. बासष्ट वर्षांची बाई! शेजारीण खिडकीतून बघत होती. तू त्याचं नाव लिहिलंस रे, स्वतःच्या हाताने.

पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. मुदत आता ३१ मार्च आहे, आणि ही शेवटची म्हणतात. आजच लिही, उद्यावर टाकू नकोस. काय लिहावं ते मी सांगणार नाही. तुझ्या मनाला येईल ते लिही. तू लिहिलंस एवढंच त्याला पुरेल.

ओलिटा


हिकरी फोर्क
२२ मार्च १९७५

डॅरल,

तू माफीसाठी परत यायचं म्हणतोस असं कळलं. येऊ नकोस. आहेस तिथेच राहा. इथे तुझ्यासाठी काही नाही.

आर्व्हिल बर्लसन


हिकरी फोर्क
२९ मार्च १९७५

ओलिटा,

उद्या ईस्टर. चर्चला जायच्या आधी खरं सांगून टाकतो. मी तुझ्याशी खोटं बोललो. दप्तरखान्याच्या उत्तरात सगळं होतं. चारच ओळी आहेत, मला पाठ झाल्यात. जोसाया बर्लसन, शिपाई. जून १८६३ मध्ये पळाला. २५ ऑगस्टला स्वतःहून हजर झाला. १२ सप्टेंबरला रेजिमेंटसमोर गोळ्या घालून मारला.

आपण ज्याच्या गोष्टींवर पोसलो तो माणूस पळालेला होता, हे एक झालं. पण 'स्वतःहून हजर' हे शब्द डोक्यातून जाईनात. मग पुस्तक पुन्हा उघडलं आणि मागची पानं काढली. तिथे ते होतंच. मी आधी त्यावरून नुसती पट्टी सरकवत गेलो होतो. त्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला दक्षिणेच्या अध्यक्षाने जाहीरनामा काढला होता: पळालेल्यांनी वीस दिवसांत परत यावं, सगळं माफ. आजोबा त्या कागदावर विश्वास ठेवून गेले, ओलिटा. चार दिवस उशिरा पोचले. चार दिवस!

पुढच्याच पानावर त्या शिक्षेचं वर्णन आहे. सैन्य तीन बाजूंनी उभं करायचे. चौथ्या बाजूला खड्डा तयार. माणसाला त्याच्याच शवपेटीवर बसवायचे, आणि बंदुका त्याच्याच कंपनीतल्या माणसांच्या हातात. म्हणजे आपल्याच खोऱ्यातली पोरं, ज्यांच्याबरोबर त्याने मासे धरले असतील. लेखकाने ते अर्ध्या पानात उरकलंय. नदीला सात पानं आणि याला अर्धं. मला ते अर्धं पान उलटवेना.

आता तू म्हणशील, तो काळ वेगळा होता. माझ्या मते काळ वेगळा असतो, कागद तोच असतो. तेव्हाही अध्यक्षाची सही होती, आताही आहे. आणि या अध्यक्षांनी तर तारीख दोनदा हलवली. पोर तुझ्या दारी येईल, छावणीत आत जाईल, आणि कुणीतरी म्हणेल की तुझी मुदत गेल्या महिन्यातच संपली. मी आणखी एका माणसाला तसं जाऊ देणार नव्हतो. म्हणून त्याला लिहिलं, येऊ नकोस.

आधी सहा पानं लिहिली होती. आजोबांचं, लुलाचं, शेरीफ आला तेव्हा मला काय वाटलं त्याचं, आणि आता काय वाटतं त्याचंही. सगळी चुलीत घातली. दुकानात म्हणतात, पळालेल्या पोरांचं टपाल सरकार फोडून वाचतं. कारण लिहिलं असतं तर कुणीतरी ते त्याच्यावरच उलटवलं असतं. म्हणून चार वाक्यं ठेवली. पोरगा हुशार आहे. बापाने इतक्या वर्षांनी लेखणी उचलली म्हणजे त्याच्या भल्याचंच असणार, हे त्याला कळेल.

तू रागावशील. रागाव. पण काल रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली. बंदूक मी कधी धरली नाही हे तुझं खरं. पण माझा मुलगा मी वाचवला.

आर्व्हिल


इंडियानापोलिस
३१ मार्च १९७५, सोमवार

आर्व्हिल,

आज तुला दादा म्हणवत नाही.

डॅरल इथे होता. शुक्रवारी संध्याकाळी बसने आला. महिन्याच्या सुरुवातीलाच त्याने यायचं ठरवलं होतं, तुझ्या ओळीची वाट न बघता. मला शपथ घातली होती, "बाबांना सांगू नकोस. आधी सही करतो, कागद हातात घेतो आणि मग दारात जाऊन उभा राहतो." म्हणून मी तुला लिहिलं नाही. तू पत्ता मागितलास हे मी त्याला लगेच फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मेमध्ये त्यांनी मला फुलांची टोपली धरायला दिली तर बघ हं मी रडतो की नाही."

आज सकाळी छावणीत जायचं होतं. शेवटचा दिवस. काल ईस्टर म्हणून मी हॅम केलं होतं. माझ्या नवऱ्याचा, वॉल्टचा कोट त्याला घालून बघितला, खांद्यात थोडा घट्ट झाला. जेवायला बसायच्या आधी त्याने कोलीनला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला.

ती पोर आनंदाने ओरडलीच. "अरे, तुझ्या बाबांचं पत्र आलंय! गुरुवारी, तू निघालास आणि दोन तासांत. मी उघडलं नाही, म्हटलं तूच उघडशील."

"उघड गं, उघड! वाच," डॅरल म्हणाला. माझा हात त्याने घट्ट धरला होता.

पाकीट फाडल्याचा आवाज आला. ती छान खणखणीत आवाजात वाचायला लागली, शाळेतल्या मुलीसारखी. पहिल्या वाक्याच्या शेवटी आवाज बसला. "येऊ नकोस" वाचलं आणि ती थांबली.

"पुढे वाच," डॅरल म्हणाला.

"राहू दे ना."

"कोलीन, वाच."

तिने वाचलं. तुझ्या पूर्ण नावासकट वाचलं.

त्याने रिसीव्हर हळूच ठेवला. मला म्हणाला, "आत्या, डेट्रॉइटची बस कितीला आहे?" मी म्हटलं, अरे, बाप गेला उडत, उद्या तू स्वतःसाठी सही कर. मी म्हटलं, थांब, मी उद्या गावातल्या दुकानात फोन करून त्याला फोनवर बोलावून घेते, काहीतरी घोटाळा आहे. तो म्हणाला, "घोटाळा कसला? स्वच्छ लिहिलंय. इथे तुझ्यासाठी काही नाही. आई गेली, आता सही करून मी कुठे जाऊ, तूच सांग."

मग तो जेवायला बसला. वाढलेलं सगळं खाल्लं, ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं आणि वॉल्टचा कोट खुर्चीवर घालून गेला. सव्वाचारची बस. मी बसस्थानकावर त्याच्या खिडकीखाली उभी होते. त्याने हात हलवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. ती मुदत आता संपली.

का केलंस?

ओलिटा


इंडियानापोलिस
३ एप्रिल १९७५

दादा,

तुझं २९ तारखेचं पत्र काल आलं. दोनदा वाचलं. रागही आला आणि तुझी कीवही आली, आणि दोन्ही सहन होईनात.

खोटं मीही बोलले. टेम्पीआजीने मला चौदाव्या वर्षीच सांगितलं होतं की आजोबांना त्यांच्याच लोकांनी मारलं. ते बाळंतपणासाठी घरी आले होते. तो माफीचा कागद गिरणीच्या दारावर लागला तेव्हा मुदतीला नऊ दिवस होते. लगेच निघाले असते तर वेळेत पोचले असते. पण आजीचे दिवस भरले होते. ते म्हणाले, "बाळाचं तोंड बघतो आणि निघतो." आपले वडील १९ ऑगस्टला जन्मले. त्याच संध्याकाळी आजोबा निघाले. आजीने मला बायबलवर हात ठेवायला लावला, की हे तुझ्या बापाच्या कानावर जाता कामा नये. आपल्यामुळे बाप मेला हे त्याने का ऐकावं? चिकामॉगा तिनेच शोधून काढलं. त्या महिन्यातली मोठी लढाई तीच होती.

वडील जाऊन तीस वर्षं झाली. तू विचारलंस तेव्हा मी सांगायला हरकत नव्हती. पण मला वाटलं, पळालेल्या आजोबांची तुला इतकी लाज वाटेल की तू डॅरलवर आणखी चिडशील. म्हणून गप्प बसले. मी सांगितलं असतं तर तूही बोलला असतास. आणि तू बोलला असतास तर मी तुला सांगितलं असतं की दादा, त्या छावणीच्या फाटकासमोरच्या थांब्यावर मी रोज बस बदलते. पोरं सकाळी आत जातात आणि एक-दोन दिवसांत कागद घेऊन बाहेर येतात. कुणी हसत, कुणी रडत, पण बाहेर येतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

त्याला सगळं लिही. टपाल फोडलं तर फोडू दे.

ओलिटा


हिकरी फोर्क
८ एप्रिल १९७५

ओलिटा,

लिहिलं. नऊ पानं झाली. आजोबांचं लिहिलं, मी काय समजलो ते लिहिलं, आणि माझं चुकलं असं तीन ठिकाणी लिहिलं. त्याची आई त्याची वाट बघत गेली हेही लिहिलं, ते मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेवटी विचारलं, तुला येता येत नसेल तर जूनमध्ये मी तिकडे येऊ का? बसने दोन दिवस लागतात म्हणे. हा डोंगर सोडून मी कधी गेलो नाही, पण जाईन.

तो घरापासून एका दिवसाच्या वाटेवर होता. मी इकडे गाढ झोपलो होतो, आणि स्वतःवर खूश होतो. हे मला कुणापाशी बोलायचं ते कळत नाही.

तिसरा खंड मी उघडलेला नाही. पाठवू का परत?

आर्व्हिल


सडबरी, कॅनडा
२८ एप्रिल १९७५

श्री. बर्लसन यांस,

आपली कधी भेट नाही. मी कोलीन, डॅरलची बायको. तुमचं पत्र पोचलं. त्याने पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते माझ्या हातात दिलं. वाच म्हणाला नाही, वाचू नको असंही म्हणाला नाही. तुमचं आधीचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं. हेही मीच मोठ्याने वाचलं. नऊच्या नऊ पानं.

तो कपाटाचं दार घासत होता. वाचत असताना त्याचं काम चालूच होतं. तुमच्या आजोबांना पेटीवर बसवलं तिथे तो थांबला. त्याच्या आईबद्दल लिहिलंय तिथे तो बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आत आला. मग मी उरलेलं वाचलं.

तुम्हाला राग येईल, पण मी खरं तेच लिहिणार आहे, कारण तुमच्या घरात ते फार कमी वेळा लिहिलं गेलंय असं मला दिसतं. तो तिथून परत आल्यापासून फारसा बोलत नाही. तुम्ही त्याला वाचवायला लिहिलं होतं हे त्याला पटलंय, तसं तो म्हणालाही. "पटलं," एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं, पटल्यावर काहीतरी सुटेल. सुटलं नाही. उलट पूर्वी तुमच्यावर चिडायचा तरी, आता तेही नाही.

पुढच्या महिन्यात आईच्या थडग्यावर त्याच्या नावाने फुलं घालावीत असा त्याचा निरोप आहे. पांढरी, कुठलीही चालतील.

जूनमध्ये येऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी त्याला विचारलं. नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हाही नकोच म्हणाला. मी म्हटलं, अरे, म्हातारा माणूस दोन दिवस बसमध्ये बसून यायला तयार आहे, त्यांना काहीतरी कारण तरी लिहायला हवं ना? काय लिहू?

तो म्हणाला, "काही लिहू नकोस. आमच्याकडे कारण लिहायची पद्धत नाही."

कोलीन